रेषेबाहेरची घार

घार हे काही तिचं खरं नाव नव्हे. आईबापांनी चारचौघींत शोभेल असं नाव ठेवलं होतं, पण कॉलेजच्या पहिल्याच वर्षी एका सामन्यात तिने समोरच्या पोरींच्या डोक्यावरून असे काही चेंडू उचलले, की प्रेक्षकांतलं कुणीतरी ओरडलं, "अरे, ही पोरगी आहे की घार!" झालं. दुसऱ्या दिवशी वर्गात घार, कँटीनमध्ये घार, आणि सहा महिन्यांत घरीसुद्धा घार. लग्न झाल्यावर नवऱ्याने तरी नावाने हाक मारावी, तर तोही दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला सांगतो, "थांबा, आमची घार येईल एवढ्यात."

बास्केटबॉलमध्ये नाव होतं ते बास्केट करणाऱ्याचं. टाळ्या त्याला, फोटो त्याचा. घार बास्केट क्वचितच करायची. तिचं काम हुकलेल्या चेंडूंचं. कुणीतरी नेम धरायचा, चेंडू रिंगच्या कडेवर आपटायचा, आणि तो कुठे उसळणार हे बाकीच्यांना समजेपर्यंत घार हवेतून खाली यायला लागलेली असायची, चेंडू छातीशी, दोन्ही कोपरं बाहेर. त्या कोपरांचा प्रसाद ज्यांनी खाल्ला, त्या बायका आज चाळिशी ओलांडल्यावरही भेटल्या तर एक पाऊल लांबूनच बोलतात. "दुसऱ्याच्या चुकांवर हिचं पोट भरतं," असं तिच्या टीमची कप्तान म्हणायची. कप्तान स्वतः बास्केट करणारी, देखणी, हुशार. पण सामना जिंकला की कोचसर आधी घारीच्या पाठीवर थाप मारत आणि मग कप्तानच्या, आणि कप्तानला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आपले हुकलेले नेम कोण निस्तरतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

एकदा सरांनी विचारलं, "तुला कळतं तरी कसं गं, चेंडू कुठे पडणार ते?"

"दिसतं की सर. हातातून सुटतो तेव्हाच सांगत असतो तो."

सरांनी स्वतः आयुष्यभर बास्केटबॉल खेळला होता आणि त्यांना चेंडूने कधी काही सांगितलं नव्हतं.

खरं तर खेळ मिळाला नसता तर या पोरीचं काय झालं असतं, देव जाणे. लहानपणापासून एका जागी बूड टेकायचं म्हणून नाही. "हिच्या पायाला भिंगरी लागलीय," असं आई म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नव्हे. जेवताना ही उभी. अभ्यास करताना ही खिडकीत. शाळेत उंचीमुळे शेवटच्या बाकावर बसवलेली, आणि तिथून तिच्या हलणाऱ्या गुडघ्याने पुढचा बाक असा थरथरायचा, की शेवटी बाईंनी शक्कल काढली. खडू आणायला घारीला पाठवायचं, वह्या पोचवायला घारीला पाठवायचं, घंटा झाली का बघायलाही घारीलाच पाठवायचं. त्या वर्षी ती वर्गात कमी आणि जिन्यावर जास्त होती. मग कुणीतरी तिच्या हातात चेंडू दिला, आणि रेषांनी आखलेल्या त्या मैदानात तिच्या जिवाला पहिल्यांदा थोडी स्वस्थता मिळाली. तीसुद्धा धावताना!

कॉलेजची सगळी वर्षं तिने गाजवली. तिचा खेळ बघायला इतर कॉलेजांची पोरं येत आणि जाताना उगाचच उड्या मारत जात. पुढे देशाच्या संघातही तिची निवड झाली, पण राखीव म्हणून. मोठी स्पर्धा, परका मुलुख, चकचकीत मैदान, आणि ही पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत बेंचवर. संघ दुसरा आला. सगळ्यांबरोबर हिलाही मेडल मिळालं. घरी आल्यावर आईने ते भिंतीवर लावायला घेतलं तर ही अंगावर धावून गेली. "बसून मिळालेलं मेडल लावतात का कधी?" ते मेडल कपाटात गेलं ते गेलंच.

नवऱ्याशी गाठ पडली तीही मैदानावरच. तो खेळाडू नव्हे. त्याच्या बापाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. कॉलेजच्या सामन्यांना चांगलं स्टॉपवॉच लागायचं, आणि ते म्हाताऱ्याकडे होतं. म्हातारा वस्ताद. घड्याळ द्यायला तयार, पण ते दुसऱ्याच्या हाती सोपवायला तयार नाही. म्हणून घड्याळाबरोबर मुलाला पाठवायचा. मुलगा टेबलाशी बसून वेळ बघायचा. सगळं मैदान चेंडूकडे बघत असताना हा एकटा काट्याकडे. "घड्याळ परत आणायला पाठवला होता, बरोबर सूनही घेऊन आला," असं सासरे मरेपर्यंत सांगत. तासन्‌तास डोळ्याला भिंग लावून, श्वासही जपून सोडत बसणारा हा माणूस आणि ही अशी. लोक म्हणाले, महिनाभर टिकणार नाही. टिकलं. मुलगा झाला, तो बापावर गेला. आता दूरच्या शहरात शिकतोय आणि म्हणे दिवसभर कॉम्प्युटरसमोरून हलत नाही. घारीला त्याची कीव येते.

शिक्षण संपल्यावर बससेवेने तिला नोकरी दिली. म्हणजे तिला नव्हे, तिच्या उडीला दिली. तेव्हा बससेवेची महिलांची टीम होती. घार घेतली, कप्तान घेतली, आणखी काहीजणी घेतल्या. सकाळी हजेरीची सही करायची आणि मैदानावर जायचं. नोकरी म्हणजे हेच असतं, अशी घारीची प्रामाणिक समजूत. मग वरचे साहेब बदलले. नव्या साहेबांना खेळाचं वावडं होतं. एक हुकूम निघाला, टीम बंद, आणि सगळ्या खेळाडूंना एकेक खुर्ची मिळाली. वर्षानुवर्षं पळायचा पगार दिला, आता बसायचा देऊ, एवढाच हिशेब. कुणी विचारलंही नाही की बाई, तुला बसता येतं का?

दोघी-तिघी नोकरी सोडून गेल्या. कप्तानने परीक्षा दिल्या, एकेक पायरी चढली, आणि आज ती कर्मचारी कल्याण अधिकारी आहे. केबिन आहे, काचेचं दार आहे, दाराबाहेर बाक आहे. घारीला परीक्षा देणं शक्य नव्हतं. त्यासाठी आधी बसावं लागतं. रजा शाखेत टाकली तर टेबल इतकं बुटकं की गुडघे खालून आपटत आणि शेजारणीचा चहा सांडे. पास खिडकीवर बसवली तर ही अर्धी खिडकीतून बाहेर येऊन रांग लावू लागली. एकेक साहेब हात टेकत गेला, आणि अखेर तिची रवानगी जिथे कुणालाच जायचं नसतं तिथे झाली: डेपोच्या मागच्या बाजूची हरवलेल्या सामानाची खोली.

लोक बसमध्ये काय विसरतील याला धरबंध नाही. छत्र्या तर विचारूच नका. जेवणाचे डबे, शाळेची दप्तरं, एकेकटे बूट, काठ्या, कुणाचा तरी एक्स-रे, रुमालात बांधलेली कवळी. नियम असा, की वस्तूला चिठ्ठी लावायची, फडताळावर ठेवायची आणि मालकाची वाट बघत बसायचं. चिठ्ठी लावणं घारीला जमलं. वाट बघणं जमेना. डब्यावर नाव दिसलं, दप्तरात पत्ता सापडला, की जेवणाच्या सुट्टीत ही ती वस्तू काखोटीला मारून मालकाच्या दारात हजर. ती कवळी तर तिने तीन बस बदलून एका आजोबांना नेऊन दिली. त्यांनी दार उघडलं, रुमाल बघितला आणि कपाळाला हात लावला. "बाई, किती महिन्यांनी सुटका झाली होती! टोचते म्हणून मुद्दाम सोडून आलो होतो ना मी." असल्या उद्योगांबद्दल तिला एकदा ताकीद मिळाली. कर्मचाऱ्याने जागेवर बसावे. खाली सही कप्तानची. सही करताना कप्तान हसली होती आणि घारही हसली होती, पण खोलीत परतल्यावर तिला रडू आलं. आपण इथेच, या छत्र्यांमध्ये म्हाताऱ्या होणार, असं त्या दिवशी तिला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

आणि मग गेल्या वर्षी वारं फिरलं. आणखी नवे साहेब आले; त्यांनी कुठल्या तरी समारंभात दुसऱ्या खात्याच्या मुली ढाल घेऊन जाताना बघितल्या आणि त्यांच्या पोटात दुखलं. आपलीही टीम हवी! कप्तानने घारीला केबिनमध्ये बोलावलं.

"पोरी घेतोय नव्या. कोच लागेल. तू..."

"हो."

"अगं, वाक्य तरी संपू दे. बेंचवर बसावं लागेल. बसशील?"

"बसेन."

"आणि अट ऐक. पोरी हंगामी आहेत. पहिल्याच वर्षी शेवटच्या फेरीत गेल्या तर साहेब त्यांना कायम करणार. नाही गेल्या तर काय करतील, माझ्या हातात नाही."

घारीने मान हलवली. हंगामी म्हणजे काय आणि बंद म्हणजे काय, हे तिला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

पोरी बऱ्या होत्या. सकाळी डेपोत काम, दुपारनंतर सराव. कुणी तिकीटयंत्रं तपासायची, कुणी चौकशी खिडकीवर. एक होती ती बस धुणाऱ्यांच्या तुकडीत; बुटकी, काटक, सगळ्या तिला मुंगी म्हणायच्या. सरावाला यायची तेव्हा तिच्या बोटांना साबणाच्या पाण्याच्या सुरकुत्या असत. घरी शिवणकाम करणारी आई आणि पाठची दोन भावंडं, आणि कायम होण्यावर सगळ्यांची भिस्त. मुंगीचा खेळ म्हणजे सोडून न देणं. चेंडू रेषेबाहेर चाललाय, बाकीच्यांनी नाद सोडलाय, आणि ही अंग झोकून देतेय. गुडघ्यांना कायम पट्ट्या. तिच्यात घारीचा जीव अडकला होता, म्हणून सगळ्यात जास्त बोलणीही तिनेच खाल्ली.

"मुंगे, तो चेंडू गेला होता. कशाला जीव टाकतेस?"

"गेला नव्हता मॅडम. आणला ना मी?"

आणलेला असायचा.

घारीची पंचाईत वेगळीच होती. बेंचवर बसते म्हणाली खरी, पण सराव सुरू झाला की ती उठे, रेषेपाशी येई, मग एक पाय आत, मग दुसरा, आणि चेंडू रिंगवरून उसळला की पोरींच्या डोक्यावरून हिचाच हात. पोरी हसत. "मॅडम, तुम्ही कुठल्या टीमकडून?" कप्तानने दोनदा येऊन बजावलं, "रेषेच्या आत कोच गेला की काय होतं, तुला माहितीय ना?" माहीत होतं. पण हात शिवशिवत. गुडघा दुखे, घरी गेल्यावर सुजे, तरी ती जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत नवऱ्याला सरावाचा सगळा वृत्तांत सांगे. इतक्या वर्षांत ती इतकी खूश नव्हती आणि इतकी बेचैनही नव्हती. रात्रीची झोप उडाली, डबा अर्धा परत येऊ लागला.

नवरा एकदा भिंगातून मान वर न काढता म्हणाला, "तुझ्या खुर्चीला पट्टा लावून देऊ का? घड्याळाला लावतो तसा."

"थट्टा करू नका अहो. एक सामना राहिलाय. तो जिंकला की झालं."

"झालं म्हणजे तू बसशील?"

"पोरी कायम होतील."

"मी तुझं विचारलं," तो म्हणाला. ती तोवर स्वयंपाकघरात पोचली होती.

तो सामना बंदरखात्याशी होता. त्यांच्या पोरी उंच, दांडग्या, वर्षानुवर्षं एकत्र खेळलेल्या. जिंकणारा संघ शेवटच्या फेरीत जाणार होता. गॅलरीत डेपोतली माणसं आली होती, बस धुणारी तुकडी तर शिट्ट्या घेऊन. नवरा दुकान लवकर बंद करून सासूबाईंना घेऊन आला होता. कप्तान मोठ्या साहेबांशेजारी बसली होती.

घार बसली. खरंच बसली. दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरून पहिला अर्धा सामना तिने काढला, आणि पोरी थोड्या मागे असूनही तग धरून होत्या. दुसऱ्या अर्ध्यात कधीतरी ती उभी राहिली. पंचाने बघितलं, पण कोचला उभं राहायची मुभा असते, म्हणून काही बोलला नाही. मग गुण बरोबरीत आले आणि गॅलरी पेटली. शेवटचे काही क्षण उरलेले. बंदरखात्याच्या उंच पोरीने नेम धरला, चेंडू रिंगवर आपटला, उसळला, मुंगीच्या बोटांना लागला आणि सुटला. सुटला तो सरळ घारीच्या बाजूला, रेषेच्या दिशेने, उंच, सावकाश फिरत.

आता बास्केटबॉल न खेळणाऱ्यांसाठी एवढं सांगायला हवं, की चेंडू रेषेवरून हवेत बाहेर गेला तरी जमिनीला टेकेपर्यंत तो बाद होत नाही. खेळाडूने उडी घेऊन हवेतल्या हवेत तो आत ढकलला तर खेळ चालू. मुंगीला हे चांगलं ठाऊक होतं. तिचा सगळा खेळच त्यावर उभा होता. ती सुटली. आपली एक पोरगी समोरच्या रिंगखाली मोकळी उभी होती. मुंगीने चेंडू आत ढकलायचा अवकाश, आणि बास्केट निश्चित होतं.

आणि घारीने उडी मारली. सुजलेल्या गुडघ्यावर, ऑफिसच्या बुटांत, गळ्यात शिट्टी लटकत असताना ती हवेत गेली आणि दोन्ही हातांनी चेंडू काढून छातीशी घेऊन खाली आली. कोपरं बाहेर. कॉलेजात घ्यायची तसा. मुंगी तिच्या पायांशी येऊन आदळली.

मग पंचाची शिट्टी वाजली, आणि घारीने हातातल्या चेंडूकडे असं बघितलं, की जणू तो कुणीतरी तिच्याकडे टाकला होता. चालू खेळात कोचने चेंडूला हात लावला! मैदानावरच्या कुणीही अशी चूक पाहिली नव्हती. समोरच्या संघाला फ्री थ्रो, म्हणजे मोकळा नेम, मिळाला, तो बास्केटमध्ये पडला, आणि चेंडूही त्यांच्याकडेच गेला. उरलेले क्षण त्यांनी चेंडू आपापसांत फिरवून संपवले. एका गुणाने सामना गेला. हातातोंडाशी आलेला घास, आणि तो ज्या माणसाने भरवायचा त्यानेच पळवला.

परतायला सगळ्या बससेवेच्या गाडीत चढल्या. पोरींनी तिला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट एकजण म्हणाली, "मॅडम, हात आपोआप जातो, होतं असं." दुसरी म्हणाली, "तसाही बाहेरच चालला होता तो." घारीने दोन्ही वाक्यं धरून ठेवली. बुडत्याला काडीचा आधार. मुंगी मागच्या सीटवर होती, कोपराला रुमाल बांधलेला. डेपो आला, सगळ्या उतरल्या, आणि ती दारात घारीपाशी थांबली.

"मॅडम, मी पोचले असते."

रागाने नव्हे. हिशेब चुकल्यावर माणूस सांगतो, तशी म्हणाली. आणि ती निघून गेली.

घरी सासूबाई आधी पोचल्या होत्या. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," एवढं म्हणून त्यांनी ताट वाढलं. घार जेवली नाही. स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून गॅलरीत, गॅलरीतून परत. गुडघा आता वाकतही नव्हता, तरी तिच्या फेऱ्या थांबेनात. शेवटी ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही समोरच होतात. खरं सांगा. ती पोचली असती?"

तो ओशाळला. "अगं, शेवटचे क्षण होते. मी घड्याळाकडे बघत होतो."

एरवी ती यावर खो खो हसली असती. आता तिने फक्त दाराची चौकट धरली. तिला खरं तर विचारायची गरजच नव्हती, आणि तिला भीती वाटत होती ती त्याचीच.

सकाळी ऑफिस उघडताच कप्तानचा निरोप आला. घार लंगडत जिना चढली. कप्तानने काचेचं दार स्वतः लावून घेतलं, तिला खुर्ची दिली आणि चहा मागवला. घार उभीच राहिली.

"बस गं बाई. डोक्यावर उभी राहू नकोस, आधीच डोकं उठलंय." कप्तान खालच्या आवाजात बोलू लागली. "साहेब काल लालबुंद झाले होते. टीमच बंद करा म्हणाले. मी संध्याकाळभर त्यांच्यापुढे बसून ते टाळलंय. एक वर्ष आणखी देतायत. पोरींना हंगामीच ठेवतायत, पण ठेवतायत. मात्र त्यांना एक नाव हवंय. कुणामुळे हरलो, ते. त्या माणसाला काढल्याशिवाय त्यांचं समाधान होणार नाही."

"मग माझं द्या."

"थांब. मूर्खासारखं बोलू नकोस." कप्तान पुढे झुकली. "मी रात्रभर विचार केलाय. चेंडू त्या बुटक्या पोरीच्या हातून सुटला, हे तर खरं आहे? सगळ्यांनी बघितलंय. सुटला आणि बाहेर चालला होता. बाहेर गेला असता तर चेंडू त्यांचाच होता, आणि त्यांनी बास्केट केलंच असतं. म्हणजे सामना तिथेच गेला. तू पकडलास काय, न पकडलास काय, सारखंच. हात आपोआप गेला तुझा, इतक्या वर्षांची सवय. साहेबांना हे पटेल. एक पोरगी जाईल, टीम राहील, तू राहशील. तुझ्याइतकी चांगली कोच मला कुठे मिळणार आहे? आणि तू परत त्या छत्र्यांच्या खोलीत जायचं? मी तुला बघत आलेय ना तिथे. मला नाही बघवत."

कप्तान खोटं बोलत नव्हती. तिला खरंच बघवत नव्हतं. सगळं किती सरळ होतं! नुसती मान हलवायची होती. दुपारी मैदान, पोरी, रिंगवर आपटणाऱ्या चेंडूचा आवाज. ती खिडकीपाशी गेली. खाली अंगणात बस धुणं चाललं होतं, आणि मुंगी शिडीवर उभी राहून, कोपराची पट्टी भिजू नये म्हणून एकाच हाताने टपावरून फडकं फिरवत होती. घार तिथून टेबलापाशी आली, टेबलापासून दारापर्यंत गेली, परत आली.

"फक्त एवढं सांग," कप्तान म्हणाली, "म्हणजे मला साहेबांपुढे छातीठोक बोलता येईल. ती पोचली नसती. बरोबर? असल्या गोष्टी तुझ्याएवढ्या कुणाला कळतात?"

घार थांबली. काल चेंडू मुंगीच्या बोटांतून सुटला त्याच क्षणी तिला सगळं दिसलं होतं. तो कुठे पडणार ते, आणि मुंगी कुठे असणार तेही.

"पोचली असती," ती म्हणाली.

"नीट विचार करून बोल."

"पोचली असती गं. आरामात. चेंडू तिचाच होता."

कप्तान मागे टेकली. तिचा चेहरा आधी रागावला आणि मग नुसताच थकला. कॉलेजपासूनची ओळख, खोटा आग्रह करण्यात अर्थ नाही, हे तिला समजलं होतं. बाहेर शिपाई चहा घेऊन आला आणि काचेतून आत बघून तसाच मागे गेला.

"म्हणजे नाव तुझं द्यायचं."

"हो."

"कळतंय ना तुला? परत मैदानावर पाय ठेवू देणार नाहीत."

"कळतंय."

"पण मग तुला दिसत होतं ना, ती येतेय ते?" कप्तानचा आवाज चढला. "सगळं दिसत होतं, तर हात का घातलास? आणि आपोआप गेला असं तरी सांगू नकोस मला!"

"नाही गेला आपोआप," घार म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदाच ती खुर्चीत बसली होती, आणि तिचा दुखरा पाय सरळ पुढे पसरलेला होता. "मला तो चेंडू हवा होता."